माझ्या कप्प्यातला दाखला

हळू! मित्रांनो, जरा हळू! ते दार एवढं आपटू नका, एकाच बिजागरीवर लटकलंय बिचारं. आणि मागच्या सीटवर उड्या मारताय तिथली स्प्रिंग वर आली आहे. चड्डी फाटली की घरी माझंच नाव सांगाल. शाळा सुटली की तुम्ही येता, माझ्या स्टिअरिंगला लोंबकळून तोंडानं भुर्रर्र करता. कुणी मुंबईला जातं, कुणी थेट दिल्ली गाठतं. मला आवडतं ते, खोटं कशाला बोलू? कोंबड्या सोडल्या तर माझ्याकडे येतं तरी कोण? पण आज जरा गप बसा. आज मला बोलायचं आहे.

मी एक जुनी अँबॅसिडर आहे. माझा रंग आकाशी होता, हे आता सांगूनही कुणाला पटत नाही. बंगालात, हुगळी नदीच्या काठच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. नुसती ठोकाठोक आणि रंगाचा वास. पुण्याचे एक डॉक्टर माझे पहिले मालक. सावलीत उभं राहायचं, संध्याकाळी दोन-चार रोगी बघून यायचं आणि अंगावर कापड ओढून झोपायचं, असं माझं आठ वर्षं चाललं होतं. खड्डा म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं!

सत्तर साली या निमोण्याचे सर्जेराव आबा मला बघायला आले. तेव्हा नवी गाडी हवी असली तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. "नव्या गाडीची वाट बघत बसलो तर माझ्या सरूला नातवंडं व्हतील," असं म्हणून आबांनी जुनी घ्यायचं ठरवलं. सरू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. आबांनी बरोबर तीन जाणती माणसं आणली होती. पहिल्यानं माझ्या टायरला लाथ मारली. दुसऱ्यानं चारी दारं आपटून पाहिली. तिसरा नुसता हॉर्न वाजवत बसला आणि "गाडी झ्याक हाय" म्हणाला. बैल घ्यायला आले असते तर दात तरी मोजले असते!

त्यांच्याबरोबर चौथा एक माणूस होता. तो बाजूला उभा होता. बाकीच्यांचं झाल्यावर त्यानं अंगातला सदरा काढला, पाठीवर झोपून माझ्याखाली सरकला आणि कुठं तेल गळतंय का ते बोटानं चाचपून पाहिलं. मग इंजिन चालू करायला लावून एक लांब पाना माझ्या इंजिनावर टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिला. "आबा, घ्या," तो म्हणाला. "जीव चांगला हाय हिचा."

तो बन्सी. निमोण्याच्याच बौद्धवाड्यातला. एका मालट्रकवर क्लीनर म्हणून लागला आणि ड्रायव्हर होऊन उतरला. ट्रकचा मालक वारला, ट्रक विकला गेला, आणि बन्सी आबांकडे माझ्यावर आला.

निमोण्यात मी शिरले तेव्हा काय थाट होता माझा! जिपा येऊन जाऊन असत, पण गावात मुक्कामाला राहिलेली पहिली मोटार मीच. आबांच्या आई भामाबाई यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं ओढली. पोरंबाळं आरशात तोंडं बघायला रांग लावून उभी राहिली. मी फुगून गेले होते, अगदी खरं सांगते.

बन्सी पहाटेच यायचा. आधी पाणी बघायचा, मग तेल, मग चाकांतली हवा, आणि मग फडक्यानं मला पुसायचा. शिव्या न देता काम करणारा ड्रायव्हर मी तो एकच पाहिला. माझ्या डिकीत पाण्याचा एक डबा कायम भरलेला असे, आणि त्याच्याशेजारी कापडात गुंडाळलेला एक जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पेला. सकाळचा चहा घरातून आला की बन्सी डिकी उघडून तो पेला पुढं करायचा. घरातली बाई वरून, हातभर अंतरावरून चहा ओतायची. पहिल्यांदा मला वाटलं, ड्रायव्हर लोकांची हीच रीत असेल. पुण्याच्या डॉक्टरांचा ड्रायव्हर तर कपबशीत प्यायचा. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं, ही रीत ड्रायव्हरची नव्हती, बन्सीच्या जातीची होती.

आबा कामासाठी शिरूरला निघाले की सरूलाही हायस्कुलात सोडायचं असे. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. आजीनं वाढवलं होतं तिला. पोर मोठी चौकस! बन्सीदादा हे काय, बन्सीदादा ते कशाला, असं शिरूर येईपर्यंत चालायचं. बन्सी तिला बॉनेट उघडून सगळं दाखवायचा. तेलाची काठी कशी पुसून बघायची, पंख्याचा पट्टा किती ताणलेला हवा. आणि एक गोष्ट त्यानं तिला दहादा सांगितली असेल.

"सरूताई, गाडी तापली ना, तर या रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा न्हाई. आन् थंड पाणी तर बिलकूल वतायचं न्हाई. निवू द्यायचं. अर्धा घंटा लागू दे न्हाई तर घंटाभर. न्हाई तर इंजिन तडकतंय."

"काच तडकती तसं?"

"व्हय, तसंच. आवाज सुदीक तसाच येतो."

आता बन्सीच्या मनातलं सांगते. रस्त्यानं समोरून एस.टी. आली की तो मला थोडी जास्तच बाजूला घ्यायचा आणि त्या ड्रायव्हरला हात करायचा. खाकी कपडे, कायमची नोकरी, आणि मागं पन्नास माणसं बसलेली. त्या ड्रायव्हरला चहा कुणी वरून ओतत नसेल, असं त्याला वाटे. मला त्यानं ते बोलून दाखवलं होतं. माझ्याशी बोलायचा तो, पुसता पुसता.

चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात त्यानं एस.टी.चा फॉर्म आणला. त्याला जोडायला सध्याच्या मालकाचा दाखला हवा होता: इतकी वर्षं गाडी चालवली, काम चोख, वागणूक चांगली. जूनअखेरीपर्यंत फॉर्म पोचायचा होता. पुढच्या वर्षी बन्सीचं वय अटीत बसणार नव्हतं, म्हणजे जे व्हायचं ते याच वर्षी. ट्रकचा मालक मेलेला, त्यामुळे दाखला देऊ शकणारा माणूस या जगात एकच होता.

"देतो की रं!" आबा म्हणाले. "सरूचं लग्न उरकू दे. आठ दिसांवर आलंय. मग सोसायटीच्या शिक्क्यासकट देतो." आबा गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं बन्सी घरी जाऊन सोजरबाईला, म्हणजे आपल्या बायकोला, सांगून बसला.

सरूचं लग्न दौंडला होतं, मुलाकडं. बारा वाजून काही मिनिटांचा मुहूर्त. वऱ्हाड ट्रकनं पहाटेच पुढं गेलं. नवरी माझ्यातून जायची होती. मला दोन दिवस घासूनपुसून आरशासारखं केलं होतं. भामाबाईंनी माझी पूजा केली. मग त्यांनी जरीचा हिरवा खण आणला आणि माझ्या तोंडावरच्या जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधला. त्यावर झेंडूच्या माळा. एक नाही, दोन नाही, चार बोटं जाड थर झाला. मुलांनो, मोटारीच्या तोंडावरची ती जाळी शोभेची नसते. तिथून वारा आत जातो, रेडिएटरमधलं पाणी निवतं, म्हणून इंजिन जगतं. माझं नाक-तोंडच बांधलं म्हणा ना!

बन्सीनं ते पाहिलं आणि तो धावत आला. "आज्जी, एवढं झाकू नका. तिला पुढनं वारं लागतंय. तापंल ती."

"आन् नजर लागली म्हंजी?" भामाबाई म्हणाल्या. "दौंडच्या लोकांची नजर लई वंगाळ. राहू दे."

बन्सीनं माळ सैल करायला हात पुढं केला.

"हां हां! शिवू नगंस! पूजेचं हाय त्ये."

त्याचा हात तिथंच थांबला. माझ्या पोटात कोपरापर्यंत हात घालून काळं तेल काढणारा तो, आणि माझ्या तोंडावरच्या फुलांना त्यानं शिवायचं नाही! त्यानं आबांकडं बघितलं. आबांना माझ्या पाण्यावाऱ्याचं थोडंफार कळत होतं. पण ते फेटा सावरत म्हणाले, "म्हातारीचं मन कशाला मोडतो? दौंडला पोचलं की काढू सगळं." आणि मग आम्ही निघालो.

वैशाखातलं ऊन ते! निमोण्याहून दौंडचा रस्ता तेव्हा निम्मा खडीचा आणि निम्मा फुफाट्याचा. पुढं आबा, मागं सरू आणि भामाबाई, त्यांच्या पायांशी नवरीला प्यायला म्हणून मातीच्या घागरीत गार पाणी. दोन तासांत माझा जीव घुसमटायला लागला. तापाचा काटा चढत चालला. बन्सीनं एकदा झाडाखाली मला थांबवलं. "आबा, तुमच्या हातानं तरी माळा सोडा. न्हाई तर फुडचा चढ निघायचा न्हाई."

"आरं मुहूर्त टळंल! चल गुमान," आबा म्हणाले.

नदीअलीकडच्या चढावर मी हरले. बॉनेटच्या फटींतून वाफ फुसफुसायला लागली. बन्सीनं मला कडेला घेतलं, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. "कुणी हात लावू नका. निवू द्या. डब्यातलं पाणी धक्क्यांनी निम्मं सांडलंय, पुरायचं न्हाई, मी त्या मळ्यातनं डबा भरून आणतो. तवर निवंल ती." असं म्हणून डबा घेऊन तो विहिरीकडं पळत सुटला.

अकरा वाजून गेले होते. आबा घड्याळ बघायचे, रस्ता बघायचे, पुन्हा घड्याळ बघायचे. मंडप भरला असेल, व्याही काय म्हणतील, या एकाच विचारानं त्यांचं डोकं माझ्याइतकंच तापलं होतं. एकदम ते उठले, उपरणं हाताला गुंडाळलं आणि माझ्या झाकणाला हात घातला.

"आबा, नका!" सरू खिडकीतून ओरडली. "बन्सीदादा म्हणलाय, निवू द्यायचं!"

"तू गप बस! नवरी हायस तू."

झाकण उडालं. उकळत्या पाण्याचा फवारा आबांच्या मनगटापासून कोपरापर्यंत गेला. ते विव्हळले, पण थांबले नाहीत. मातीची घागर उचलली आणि गार पाणी घळाघळा माझ्या पोटात ओतलं.

कट्ट!

बन्सीनं सांगितलं होतं ना, काच तडकल्यासारखा आवाज येतो? अगदी तसाच आला. तो आवाज मी ऐकला, आबांनी ऐकला, सरूनं ऐकला, भामाबाईंनी ऐकला. आम्ही चौघं. त्या एका आवाजात माझं आयुष्य संपलं, मित्रांनो. आणि आणखी एकाचंही, पण ते मला पुढं कळलं.

तेवढ्यात दौंडकडून धूळ उडवत जीप आली. नवरी का आली नाही म्हणून सरूचे सासरे हौसराव स्वतः बघायला निघाले होते. त्याच वेळी बन्सी पाण्यानं भरलेला डबा घेऊन शेतातून येत होता.

"काय झालं वो पाव्हणं?" हौसरावांनी विचारलं. "गाडी कशी काय बिघडली ऐन वक्ताला?"

आबांनी भाजलेला हात उपरण्याखाली घेतला. घसा खाकरला. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं: "ड्रायव्हरनं पाणीच बघितलं न्हाई. आता काय करायचं? माणसंच तशी."

बन्सी दहा पावलांवर उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, जमिनीवर रिकाम्या पडलेल्या घागरीकडं बघितलं. सगळं समजलं त्याला. मग त्यानं सरूकडं बघितलं. सरूनं मान खाली घातली. मला वाटलं, आता बोलेल. बोल ना बाबा! पण तो बोलला नाही. नवरी, भामाबाई, आबा सगळे जीपमध्ये बसले, जीप गेली. आम्ही दोघंच राहिलो, रखरखीत उन्हात. आता अडवायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं माझ्या तोंडावरच्या माळा सोडल्या, खणाची घडी घातली आणि सगळं नीट बाभळीखाली ठेवून दिलं.

तिन्हीसांजेला बैलजोडी लावून मला ओढत निमोण्याला आणलं. ज्या पोरांनी माझ्या आरशात तोंडं बघितली होती, तीच पुढं-मागं हसत होती. दोन दिवसांनी शिरूरचे गेणबा मिस्त्री आले. माझ्यात डोकावून म्हणाले, "आबा, हिच्या इंजिनाचा ब्लॉक तडकलाय. भट्टीवानी तापल्याली असताना थंड पाणी वतलंय कुणीतरी." आबांनी बाही खाली ओढली आणि चहा सांगायला आत गेले. कुणी ओतलं, ते गेणबांनी विचारलं नाही. गावानं मात्र आपापलं ठरवून टाकलं. लग्नात बन्सीनं गाडी जाळली! पारावर तेच, पिठाच्या गिरणीत तेच.

बन्सी डिकीतला आपला डबा आणि पेला न्यायला आला तेव्हा सोजरबाई बरोबर होती. तिखट बाई. माझ्या मडगार्डला टेकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बोलत का न्हाई तुमी? तोंड हाय का न्हाई?"

"पोरीच्या लग्नात तिच्या बापाला व्याह्याफुडं खोटं पाडू व्हय? जल्मभर सासरी टोमणं खाईल ती."

"लेक त्येंची, आब्रू त्येंची, आन् पोट तेवढं आपलं?"

"दाखला देतील आबा. शब्द दिलाय त्येंनी."

पेला सोजरबाईनं स्वतःच्या हातात घेतला आणि तरातरा पुढं चालायला लागली.

माझी जागा ही इथंच, आबांच्या ओट्याला लागून. त्यामुळं ओट्यावरचं सगळं मला ऐकू येतं. बन्सी दाखल्यासाठी तीनदा आला. पहिल्यांदा आबा म्हणाले, "बघू, पाव्हणंरावळं जाऊ दे." दुसऱ्यांदा म्हणाले, "शिक्का सापडंना." तिसऱ्यांदा जून संपायला चार दिवस राहिले होते. आबांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "बन्सी, मी दाखला देऊ कसा? तुझं काम चोख हाय असं लिवलं, तर लोक इचारतील, मग गाडी कुणी मोडली?"

"कुणी मोडली, आबा?" बन्सीनं विचारलं. पहिल्यांदा आणि शेवटचं.

आबा उठून आत गेले. बन्सीनं फॉर्मची घडी करून खिशात घातली आणि तो निघून गेला. चार दिवसांनी तारीख टळली.

तुम्ही म्हणाल, आबा दुष्ट होते. नव्हते हो! म्हणूनच मला जास्त राग येतो. एका दुपारी सगळं घर झोपलं असताना ते माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसले. भाजलेला हात माझ्या स्टिअरिंगवर ठेवला. त्याची कातडी गुलाबी, चुरगळलेली झाली होती. "चुकलं गं माझं," ते म्हणाले, आणि डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. मला सांगून काय उपयोग? मी काय दाखला लिहून देणार होते? उठा, अन् पन्नास पावलांवर बौद्धवाडा आहे तिथं जाऊन सांगा, असं मला किंचाळून म्हणावंसं वाटलं. पण माझा तर हॉर्नसुद्धा वाजत नव्हता.

नागपंचमीला सरू माहेरी आली. त्याआधी मांडवपरतणीला आली होती, तेव्हा सासरची माणसं भोवती होती. माझ्या मडगार्डवर तिनं हात ठेवला होता, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. पंचमीला एकटीच होती. झोके सोडून ती माझ्याकडं आली, आत बसली आणि आजीला विचारलं, "बन्सीदादा कुठं असतो गं?"

"तळेगाव ढमढेऱ्याला," भामाबाई म्हणाल्या. "बाजारात पोती उचलतो म्हणं. गाडी कोण देतंय त्याच्या हातात?"

सरू बसल्या जागी रडायला लागली. मग डोळे पुसून घरात गेली, कागद-पेन घेऊन आली, माझ्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागली आणि लिहून झाल्यावर तिनं बापाला हाक मारली. आबांनी कागद वाचला.

"दाखला देऊ, पण ही शेवटची वळ कशाला?"

"त्या वळीबिगर सही नगं, आबा."

"तुझ्या सासरी कळलं तर?"

"कळू द्या. मला तवाच सांगायला पायजे हुतं."

शेवटी आबांनी त्या गुलाबी हातानं सही केली आणि, मुलांनो, हरवलेला शिक्काही सापडला.

दुसऱ्या दिवशी सरूचा निरोप मिळून बन्सी आला. सरूनं दोन्ही हातांनी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो सावकाश वाचला. चौथी शिकलेला तो, पण अक्षर न् अक्षर वाचायचा.

"अक्षर लई चांगलं हाय तुमचं, ताई. पण तारीख मागंच गेली. आन् फुडच्या साली माझं वय बसत न्हाई."

"मी एस.टी.च्या साहेबांना जाऊन सांगते, बन्सीदादा. पाया पडते त्यांच्या."

"नगं." त्याचा आवाज चढला नव्हता. "ताई, एक इचारू? त्या दिशी मी तुमच्यासाठनं गप बसलो. तुमी कुणासाठनं बसला?"

बन्सीनं माझं दार उघडलं, समोरच्या कप्प्यावर मूठ मारली, कारण तो कप्पा तसाच उघडतो हे त्याला ठाऊक होतं, आणि तो दाखला आत ठेवला. "हितंच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मला म्हाईतच हाय ह्यात काय लिवलंय. ज्येंना म्हाईत न्हाई त्येंच्यासाठी हाय त्यो." मग माझं दार न आपटता लावलं आणि निघून गेला.

त्याला चार वर्षं झाली. पुढं आबांनी जीप घेतली, तिच्यावर दुसरा ड्रायव्हर आला. माझे टायर गेले, बॅटरी गेली, आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. बन्सी अजून तळेगावच्या बाजारात पोती उचलतो, दुसऱ्यांच्या ट्रकमध्ये चढवतो. सुट्टीला घरी आला की इथूनच जातो. केस पांढरे झालेत. अजूनही पारावर कुणीतरी म्हणतंच, "ह्यानंच जाळली ती आबांची गाडी." तो ऐकून घेतो आणि पुढं जातो. तुमच्यातल्याही एकानं परवा हेच म्हटलं, माझ्याच स्टिअरिंगवर बसून. म्हणून तर आज बोलायला लागले.

म्हातारी गाडी शेवटी उपदेश करणारच, तोही ऐका. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातला एखादा गाडी घेईल. तिचं पाणी बघा, तेल बघा, तिच्या तोंडावर काही बांधू नका, आणि तापली तर निवू द्या. पण जे खरं सांगायचं असतं ना, ते मात्र निवेपर्यंत ठेवू नका. मी त्या दिवशी तिथं होते, सगळं पाहिलं होतं, आणि मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.

तेव्हा आता एक करा. त्या कप्प्यावर मूठ मारा. अशी नाही, जरा जोरानं, बन्सी मारायचा तशी. उघडला? कडा उंदरांनी कुरतडल्या असतील, पण अक्षर शाबूत आहे. ज्याचा आवाज सगळ्यात मोठा आहे त्यानं वाचायला घ्यावं. वाच बाळ, ओठांतल्या ओठांत नको.

"श्री. बन्सी यांनी माझ्या मोटारीवर चार वर्षे चालक म्हणून काम केले. त्यांचे काम चोख व वागणूक उत्तम आहे. मोटार बिघडली त्यात त्यांचा काहीही दोष नाही. तापलेल्या इंजिनात थंड पाणी मी ओतले."

शाबास. आता शेवटची ओळ पुन्हा वाच, आणखी मोठ्यानं. पारावर माणसं बसली आहेत, आणि आबाही ओट्यावरच आहेत.